वरून की खालून? मामूंशी राहिलेला वाद

मामू,

घरात आता खोकल्याचा आवाज नाही, आणि मला बरं वाटतं आहे. हे वाक्य आधी लिहून टाकते. ते मागे ठेवलं तर पुढचं काहीच नीट मांडता येणार नाही. भेटायला येणाऱ्या बायका मुमानीजवळ बसून रडतात. मीही त्यांच्यात बसते, आणि मधूनच लक्षात येतं की मी कुणाचा श्वास ऐकत नाही आहे. गेले कित्येक महिने तुमच्या प्रत्येक श्वासाला मी, मुमानी आणि तुमचा मुलगा करीमभाई, आम्ही तिघंही मनातून ढकलत होतो: हा बाहेर पडू दे, आता पुढचा आत येऊ दे. तो भार उतरला. तुम्ही गेल्याचं दुःख आहेच. पण तुम्ही सुटलात याचं समाधान त्याच्या आधी येऊन बसलं आहे आणि त्याला उठवून लावावं असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या कबरीची. ती कोणत्या पद्धतीने खोदायची हा प्रश्न तुम्ही गेलात त्या सकाळी माझ्यापुढे आला. तुमच्या माघारी, तुमच्याच बाबतीत, आपला जुना वाद मला सोडवावा लागला. काय झालं ते क्रमाने सांगते. क्रम चुकला की तुम्ही माझा कागद न वाचताच परत द्यायचात.

आपण वाद घालायचो मराठीत. घरात आपण दखनी बोलतो. खनिजशास्त्र तुम्ही हैदराबादेत उर्दूतून शिकलात आणि मी त्याच शहरात इंग्रजीतून. तुमचा शब्द मला अडायचा, माझा तुम्हाला. तेव्हा तुम्ही एक दिवस म्हणालात, "आता सगळा कारभार मराठीत झालाय, मग भांडण तरी कशाला मागं ठेवायचं?" त्या दिवसापासून तेलयुक्त शेलचं, तापवला की तेल सोडणाऱ्या दगडाचं, नाव आपल्यात 'तेल्या दगड' झालं. उघडी खाण म्हणजे 'वरून' आणि भूमिगत खाण म्हणजे 'खालून'. एवढ्या दोन शब्दांवर आपण अणदूरच्या अंगणात दोन उन्हाळे काढले.

तो दगड मी पहिल्यांदा घरी आणला तो दिवस आठवतो. प्रयोगशाळेतून मागून घेतलेला तुकडा होता. तपकिरी, पानावर पान चढवल्यासारखा. तुम्ही चाकूने त्याची कड तासलीत तर लाकडाच्या ढलपीसारखी वळून निघाली. मग काडी ओढून धरलीत. काजळी सोडत ती ढलपी पेटली आणि सगळ्या सोप्यात रॉकेलचा वास पसरला. मुमानी आतून आली.

"काय जाळताव?"

"दगड," तुम्ही म्हणालात.

"मग स्टोव्हला हाच घालते. दुकानात रांगेला उभं राहून जीव जातोय."

तुम्ही हसलात, मग खोकलात, आणि खोकला थांबल्यावर विचारलंत, "हा कुठं, किती खोल?" मी सांगितलं: आसामाकडच्या कोळशाच्या पट्ट्यालगत, डोंगराच्या कडेला उघडा पडलेला, पण थर तिरका, आत जाल तसा डोंगराखाली खोल खोल जाणारा. याच थरावर माझा प्रबंध होता. छापील नकाशे आणि भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांच्या नोंदी एवढंच माझ्या हाती होतं, आणि प्रश्न सरळ होता: हा दगड काढायचा तर वरून की खालून?

मी 'वरून' म्हणत होते. माझे मुद्दे तुम्हाला पाठ होते. उघड्या खाणीत जवळजवळ सगळा माल हाती येतो. छत नाही, म्हणून छत कोसळण्याचं भय नाही. माणूस उजेडात काम करतो, धूळ वाऱ्यावर जाते, मोठी यंत्रं चालवता येतात. उलट जमिनीखाली छत पेलायला दगडाचेच खांब सोडावे लागतात आणि त्या खांबांत केवढा तरी माल कायमचा अडकून पडतो. माझ्या तक्त्यात त्या रकान्याचं नाव 'नुकसान' होतं.

तुम्ही त्या शब्दावर बोट ठेवलंत. तेलंगणातल्या कोळशाच्या खाणीत तुम्ही सगळी उमर सर्व्हेअर होता, आधी निजामाच्या अमदानीत आणि मग विलीनीकरणानंतरही. छत हा तुमच्या अंगात मुरलेला विषय. सोयऱ्यांच्या घरी गेलात तरी टेकण्याआधी काठीने माळवदाची तुळई ठोकून बघायचात. यजमान म्हणायचे, "बसा की सर्व्हेअरसाहेब, आजवर कुणाच्या डोस्क्यात पडलं न्हाय." तुम्ही आवाज ऐकूनच बसायचात.

"हे नुकसान न्हाई, नसीम," तुम्ही म्हणालात. "हे छप्पर आहे. घराच्या भिंतीला तू नुकसान म्हणशील? तितकी जागा वाया गेली म्हणून?"

"भिंत आपण बाहेरून आणतो, मामू. खांब मालातूनच कापतो."

"बरं. मग तुझं बघू. वरचा डोंगर उचलशील. ठेवशील कुठं? तिथं पाऊस असा की खाणीचं तळं होईल. आणि तेल काढून झालं की हा दगड भट्टीतून फुगून येतो, तूच वाचून दाखवलंस. काढलेल्या खड्ड्यात तो परत मावणार न्हाई. मग उरलेला ढीग कुणाच्या रानात घालशील?"

फुगलेल्या दगडाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. तो मुद्दा तुमच्या नावाने उभाच आहे.

वादात तिसरा माणूस हवा म्हणून तुम्ही मला शिवप्पाच्या रानात घेऊन गेलात. त्याच्या विहिरीचं खोदकाम चालू होतं. वरची काळी माती ढिली, म्हणून त्याने तोंड रुंद ठेवलं होतं आणि जसा खाली जात होता तशी वरची कड आणखी मागे घेत होता.

"अजून किती खाली जायचं?" तुम्ही विचारलंत.

"पाणी लागूस्तोर."

"आणि तोंड?"

"खाली जाईल तसं वर रान खातंय की. जवारीचं निम्मं वावर ह्यातच गेलं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "पण आत उतरलेल्या गड्याला वर आभाळ दिसतं." तुम्ही म्हणालात, "आभाळ बघायला तो आत उतरलेला न्हाई." शिवप्पाने पाटी खाली ठेवली. "तुमी मामा-भाची हीर बगाया येता का भांडाया? भांडाया येत असाल तर येक येक पाटी तरी वर काढा." आपण दोघांनी खरंच एकेक पाटी ओढली. तुमची अर्ध्यावर राहिली. श्वास पुरला नाही. ती शिवप्पाने वर घेतली.

मग त्या संध्याकाळचं बोलणं झालं. तुम्ही बाजेवर, मी उंबऱ्यात, मुमानी ज्वारी निवडत बसलेली.

"एक विचारू? रागावू नको."

"विचारा."

"जमिनीखालच्या खाणीत बाईला काम करू देत न्हाईत. कायदाच आहे. उघड्या खाणीत तू उद्या टोपी घालून साहेब म्हणून फिरशील. मग तुझा हिशेब वरच्या खाणीकडंच झुकणार की."

"म्हणजे मी आकडे वाकवते?"

"आकडे न्हाई वाकवत तू. कुठला आकडा आधी मांडायचा, ते तू ठरवतेस."

हे मला लागलं. मी अभ्यासाला बसते ती नोकरी मिळवायला, आणि नोकरीत वर चढायचा माझा पक्का इरादा आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि त्याचा अभिमानही होता. म्हणून तर ते जास्त लागलं. माझ्या महत्त्वाकांक्षेला तुमच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं आणि तुम्हीच तिला साक्षीला उभं केलंत. मी फणकाऱ्याने म्हटलं, "आणि तुम्ही जन्मभर खाली राहिलात म्हणून तुम्हाला खालचं बरं वाटतं. तुमची छाती बघा आधी."

"नसीम," मुमानी म्हणाली, "मामूंशी बोलतेस."

तुम्हाला मात्र हसू आलं. "छाती हा पुरावा आहे, कबूल. पण एकाच माणसाचा. आणि त्या माणसानं बिड्या बी लई ओढल्यात."

त्यानंतर तो विषय आपण काढला नाही. प्रबंधाची बाकीची प्रकरणं मी तुम्हाला वाचून दाखवत गेले; निष्कर्षाचं प्रकरण कोरं राहिलं. मी लिहायला बसायची आणि तुमचं वाक्य आठवायचं. माझं उत्तर दगडाकडून येतं आहे की माझ्याकडून, हे मला सांगता येत नव्हतं. ज्या माणसाला विचारायचं, त्यानेच शंका घेतली होती. आणि तुम्हाला एकेक वाक्य पुरं करायला वेळ लागू लागला होता.

तरीही शेवटच्या आठवड्यात तुम्ही एक चाल केलीत. करीमभाई आणि मी जवळ होतो. तुम्ही म्हणालात, "मला बगली करा. आयुष्य छताखाली गेलं. शेवटाला मला वरून उकरू नका." आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलंत. मरणाच्या दारात बसून तुम्ही वादात एक गुण मिळवलात, मामू. करीमभाई रडत होता, म्हणून मला हसता आलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात कबर दोन तऱ्हांनी होते. संदूकीत सरळ खाली खोदतात, तळाशी मधोमध एक चर घेतात, मय्यत त्यात ठेवून वर फरशा टाकतात आणि माती लोटतात. बगलीत खड्ड्याच्या तळाशी पश्चिमेच्या भिंतीत कोनाड्यासारखी पोकळी कोरतात, मय्यत तिच्यात ठेवतात आणि फरशा बाजूने उभ्या लावतात. बगलीला मान जास्त. पण तिला घट्ट जमीन लागते, कारण तिच्यावरचं छत जमिनीचंच असतं. जमीन भुसभुशीत असली तर छत खचतं आणि आत निजलेल्या माणसाच्या अंगावर येतं.

तुम्ही गेलात तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. शेवटचा श्वास इतका हलका होता की मुमानीला तो गेल्याचं मला सांगावं लागलं. कबरी खोदणाऱ्या दस्तगीरचाचांना घेऊन पुरुष कब्रस्तानात गेले, बायका पाणी तापवू लागल्या. थोड्या वेळाने करीमभाई मागच्या दाराशी आला. रुमालात मातीचं ढेकूळ बांधलेलं.

"दस्तगीरचाचा म्हणतात संदूकीच करा," तो म्हणाला. "बगली कोरायला घेतली की माती सुटतीया. तू बघ बरं."

अंगणात बसलेले शेजारचे हाजीसाहेब म्हणाले, "कबरीचं बायकांना कधीपासून विचारायला लागलात?"

"कबरीचं न्हाई हाजीसाहेब, मातीचं विचारतोय. अब्बांना शंका आली की म्हणायचे, नसीमला विचारा."

ते मला ठाऊक नव्हतं. माझ्यासमोर तुम्ही तसं कधीच म्हटलं नव्हतंत. समोर फक्त खोडून काढायचात.

मी ढेकूळ हातात घेतलं. निम्मी काळी माती, निम्मा पिवळट, कुजका मुरूम. नखाने दाबलं तर सुटला. दस्तगीरचाचांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर होतं. आणि त्या क्षणी मला स्वच्छ दिसलं की माझ्यात दोन ओढी आहेत. तुमचा शब्द राखावा म्हणून 'बगली' म्हणावं, ही एक. 'संदूकी' म्हटलं तर शेवटी तुम्हालाही वरूनच खोदावं लागलं असं होईल, आणि माझं म्हणणं खरं ठरेल, ही दुसरी. दोन्ही माझ्या होत्या. जमिनीची त्यांत एकही नव्हती. म्हणून मी दोन्हींना बाजूला केलं आणि आधी अट सांगितली, मग उत्तर.

"किती खोल गेलात?"

"कमरेपर्यंत."

"आणखी हातभर जा. मुरूम पिवळा आहे तोवर कोरायला घेऊ नका. खाली तो करडा होऊन पहारीला खणकन लागला, तर तिथं पश्चिमेला कोरा. पोकळी अरुंद ठेवा, माथा सपाट नको, कमानीसारखा घ्या. आणि नाहीच लागला तर संदूकी करा."

"अब्बांची वसीयत मोडून?"

"वसीयत अब्बांची आहे. छत जमिनीचं आहे."

करीमभाई गेला. मी आत येऊन मुमानीशेजारी बसले. तुम्हाला अंघोळ घालायला घेतली होती, पाण्याचा आवाज येत होता. मला भीती एकाच गोष्टीची वाटत होती: निकाल कुठलाही येवो, तो मला आवडला म्हणून आला असं तर होणार नाही? पण निकाल आता माझ्या हातात राहिलाच नव्हता. तो पहारीच्या टोकाला होता. असं मोकळं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

करीमभाई परत आला तेव्हा त्याचे हात करड्या भुकटीने माखलेले होते. "लागला," तो म्हणाला. "पहार उडतीया. दस्तगीरचाचा म्हणतात, ह्यात बगली झकास व्हईल."

मुमानीने डोळे पुसले. "त्यांना गारवा मिळंल," एवढंच ती बोलली.

पण परीक्षा तिथे संपली नव्हती. कोरताना उभं राहिलेलं छत भिजल्यावरही उभं राहील, याची हमी पहार देत नाही. हस्ताचा पाऊस आला आणि जोरात आला. मी खिडकीत बसून पाणी कुठून कसं जाईल याची रेघ मनात ओढत होते: वरची काळी माती ते पिणार, पिवळ्या मुरुमातून ते झिरपणार, करड्यावर थबकणार आणि उताराने ओढ्याकडे वळणार. कागदावर हे ठीक होतं. कागदाखाली तुम्ही होता. मी चुकले असते तर ती चूक तुमच्या अंगावर पडली असती, आणि जन्मभर ज्या छताची तुम्ही राखण केलीत तेच छत मी तुमच्यावर पाडलं असतं.

पाऊस उघडल्यावर करीमभाई कब्रस्तानात जाऊन आला. दाराशी चिखलाच्या चपला काढताना म्हणाला, "काही न्हाई. माती जिथल्या तिथं हाय. तडा बी न्हाई, खड्डा बी न्हाई." शिवप्पा त्याच्याबरोबर गेला होता. त्याने बाहेरूनच हाक दिली, "ताई, सर्व्हेअरसाहेबाचं माळवद गळंना बरं का." मुमानी हसली. तुम्ही गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली. मी आत जाऊन निजले आणि दिवस मावळेपर्यंत उठले नाही.

दुसऱ्या दिवशी कोरं प्रकरण काढलं. आता क्रम उलटा घेतला: आधी अट, मग आकडे. डोंगराच्या कडेला, जिथे वरचा थर पातळ आहे, तिथे वरून. तेवढी माझी बाजू टिकली. पण थर जिथे डोंगराखाली खोल जातो आणि त्याच्यावर घट्ट वालुकाश्माचं छत आहे, तिथे खालून. माल मोठ्या प्रमाणात तिथेच आहे. म्हणून मुख्य शिफारस भूमिगत खाणीची केली. 'नुकसान' हा रकाना खोडला आणि तिथे 'छतासाठी राखलेला दगड' असं लिहिलं. एक अट मात्र मी आणखी घातली आहे. दगडाला भोकं पाडायची ती पाणी सोडूनच पाडायची, कोरडी नाहीत. धूळ उठता कामा नये. तिच्यासाठी पुरावा म्हणून तुमची छाती दिलेली नाही. एका माणसाचा पुरावा शास्त्रात चालत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. त्यासाठी पुस्तकं हुडकली, आणि ती मिळाली.

आता ते, जे तुमच्यासमोर बोलायचं राहिलं. माझा हिशेब झुकलेला आहे ही तुमची शंका खरी होती. फक्त कशाने झुकला, ते तुम्ही चुकीचं ओळखलंत. मला खाली उतरू देणार नाहीत म्हणून मी 'वरून' म्हणत नव्हते. शेजारच्या खोलीत तुम्ही खोकत होता आणि मी इकडे रकाने आखत होते. तुमचा श्वास ज्या खाणीने घेतला, तिच्या बाजूने एकही आकडा मांडायला माझा हात उठत नव्हता. कुठला आकडा आधी, हे तुमचा खोकला ठरवत होता. तुम्ही गेल्यावर तो थांबला आणि मला दगड ऐकू आला. हे लिहिणं क्रूर आहे का, याचा मी विचार केला. तुम्ही असता तर याला निरीक्षण म्हणाला असतात.

परवा हैदराबादेला जाऊन प्रबंध दिला. माझ्या मार्गदर्शकांनी शेवटचं प्रकरण तिथेच बसून वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, "ही खाण उद्या खरंच झाली तर तुम्हाला तिच्यात उतरता येणार नाही, हे लक्षात आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "म्हणूनच हिशेब दोनदा तपासला."

त्यांनी सही केली. बसमध्ये बसल्यावर मला तुमचा आवाज आला: दोनदा कशाला, तिसऱ्यांदा बघ. तेही केलं, मामू. सोलापूरच्या रस्त्यावर, मांडीवर कागद धरून, अणदूर येईपर्यंत. उत्तर तेच आलं.